डाव्या बाजूची सीट

मित्रांनो, मी एक निळी, जुनी गाडी आहे. ज्या संध्याकाळी सिद्रामप्पांनी माझ्या पोटात पाण्याचं पिंप चढवलं, तिथपासून सांगते, कारण त्या घरातली ती शेवटची साधी संध्याकाळ होती.

त्याआधी मी सरकारी होते. गावोगाव जाऊन पडदा लावायचा आणि शेतीचे बोलपट दाखवायचे, हे माझं काम. थकले तशी लिलावात निघाले, आणि सोलापूरच्या सिद्रामप्पा सुतारांनी मला घेतलं. ते हातमाग दुरुस्त करत. मोडीत निघालेल्या मागांच्या सागवानातून त्यांनी माझ्या आत दोन बाकं केली, स्टोव्हला कप्पा केला, वर घरच्या चादरी अंथरल्या. मी चाकांवरचं घर झाले. लोक येऊन आत डोकावत, बाकावर बसून बघत, आणि सिद्रामप्पा दाराशी उभे राहून हसत.

त्यांना गाडी मात्र चालवता येत नव्हती. चालवणार होते त्यांचे मित्र चनमल्लप्पा, एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. सिद्रामप्पांसाठी शेजारची, डाव्या बाजूची सीट होती. तिच्यात त्यांनी स्वतः स्प्रिंगा बसवून काथ्या भरला होता.

मे महिन्याची सुटी होती. दुसऱ्या दिवशी साताऱ्याकडच्या डोंगरांत, कोयनेच्या पाण्यापर्यंत जायचं ठरलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात घागरभर पाण्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला एकदा पोटभर पाणी बघायचं होतं.

"अप्पा, आपण पाणीच बघायला निघालोय की," त्यांची मुलगी महानंदा हसून म्हणाली. ती शाळेत शिकवायची. "मग हे पिंप कशाला?"

"बघायचं त्यांचं, प्यायचं आपलं. परगावचं पाणी पोटाला मानवत न्हाय."

"नळ पण उपटून घे की, सिद्राम!" चनमल्लप्पा ओरडले. "तितं आंगोळीला लागंल!"

सगळे हसले. माझ्या मागच्या चाकांवर पिंपाचं ओझं आलं, तेही त्या दिवशी हलकं वाटलं.

सकाळी सिद्रामप्पा स्टोव्हसाठी रॉकेल आणायला निघाले. "येतो गं," ते म्हणाले. "या," महानंदा आतूनच म्हणाली. रॉकेलच्या रांगेत त्यांना घाम फुटला. ते खाली बसले, आणि पुन्हा उठले नाहीत.

सहल राहिली. मी अंगणात लिंबाखाली उभी राहिले.

मित्रांनो, सोलापूरची दुपार कशी असते, ते तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही. पत्रा तापतो, रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. तशा भर बाराच्या उन्हात माझी डावी सीट खाली दबू लागली. दार उघडलेलं नसायचं. स्प्रिंगा एकदा करकरायच्या आणि मग दबलेल्याच राहायच्या. तंबाखूचा वास यायचा. मी लोखंडाची आहे. मला कल्पना करता येत नाही. वजन मात्र कळतं, आणि ते वजन माझ्या ओळखीचं होतं.

महानंदालाही ते कळत असावं. ती रोज दुपारी चहाचा पेला आणून त्या सीटवर ठेवायची आणि मागच्या बाकावर बसून राहायची. ती रडली नाही. जून उजाडला, शाळा सुरू झाली, ती गेली नाही. शाळेतून बोलावणं आलं, त्याला तिनं उत्तर दिलं नाही. पावसाळा तसाच गेला. माझी चाकं मातीत रुतली.

शेवटी एके दिवशी चनमल्लप्पा आले. त्यांची बायको सोनाबाई बरोबर होती.

"किती दिस चहा पाजनार त्याला?" ते म्हणाले. "त्याला बघायचं हुतं ते दाखवून आणू. मग तू शाळंत जायचं. न्हायतर दोघं बी हितंच बसून र्‍हाल."

महानंदानं सीटवरचा पेला उचलून हातात घेतला. मग म्हणाली, "डावीकडं कुणी बसायचं नाही, काका. आणि पिंप तसंच राहू दे. ते अप्पांनी भरलंय."

"कोन बसतंय तितं?" सोनाबाई म्हणाल्या. "ह्यांच्या शेजारी बसून ह्यांची बडबड ऐकायची आमाला हौस न्हाय."

दिवाळीच्या सुटीत आम्ही निघालो. पंढरपूर मागं पडलं, माणचे बोडके माळ गेले, आणि साताऱ्याच्या पुढं घाट लागला. दोन्हीकडं हिरवंगार गवत होतं आणि वळणामागून वळण येत होतं. प्रत्येक वळणाला डावी सीट अधिकच दबायची, जणू कुणी दरीकडं वाकून बघत होतं.

"गाडी डावीकडं वढतीय," चनमल्लप्पा पुटपुटले. मागच्या बाकावर सोनाबाईंनी महानंदाकडं पाहिलं.

चढ संपता संपेना. माझं पाणी उकळलं आणि बॉनेटमधून वाफ निघाली. खाली दरीत जलाशय लखलखत होता, पण रस्त्यावर थेंब मिळायला तयार नव्हता.

"पिंप उघडा," चनमल्लप्पा म्हणाले.

"ते नको."

"मग आता दरीत उतरून घागर भरून आणू व्हय?"

सोनाबाईंनी महानंदाचा हात धरला. "पोरी, त्यानं तहान भागवायलाच भरलं हुतं ना? मग? तहान लागलीया ती गाडीला."

महानंदानं स्वतः झाकण काढलं. महिनोन्‌महिने कोंडलेल्या पाण्याचा वास बाहेर आला. एक एक तांब्या तिनं माझ्यात ओतला. ते खारं, जड, सोलापूरचं पाणी मी प्याले आणि घाट चढले. आमच्या माणसांनी एवढ्या पाण्याकाठी आपलं पाणी का वाहून न्यावं, यावर मी आजवर कधी हसले नाही.

पाण्याकाठी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. डोंगर पाण्यात उलटे उभे होते. सोनाबाईंनी स्टोव्ह पेटवला. कोंडीबा नावाचे एक होडीवाले चहाच्या वासावर येऊन बसले.

"तुमचं गाव कुठलं?" सोनाबाईंनी विचारलं.

त्यांनी पाण्याकडं बोट केलं. "त्ये काय, खालीच हाय. धरणात गेलं."

सोनाबाईंनी त्यांच्यापुढं चहा सरकवला. ते पुढं म्हणाले, "निघताना आमच्या आईनं उंबर्‍याला 'येते' म्हनलं. सवयच की. 'जाते' कोन म्हनतं? मरूस्तवर रोज काठावर येऊन बसायची. 'घर वाट बघत आसंल रं, मी येते म्हनलेय,' म्हनायची. ती गेली, मग मला घर दिसाया लागलं, पाण्यात, रोज. शेवटी होडीतनं वराडलो, 'जातो रं बाबा!' तवापास्नं न्हाय दिसलं."

"अभद्र बोलू नये," चनमल्लप्पा म्हणाले. पण त्यांचा आवाज चढला नाही.

महानंदाच्या हातातला पेला तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चनमल्लप्पा आणि सोनाबाई झाडाखाली पडले होते. पाण्यावर वारा नव्हता. माझ्या स्प्रिंगा करकरल्या. डावी सीट दबली, पाण्याच्या बाजूला.

मित्रांनो, तुम्ही आम्हां जुन्या गाड्यांना जपता, पुसता, सावलीत उभं करता, ते चांगलंच आहे. पण नुसती उभी राहिलेली गाडी आतून गंजते. तिला कधीतरी वाट द्या. आवडत्या माणसालाही वाट द्यावी लागते, हे मी त्या दुपारी पाहिलं.

महानंदा माझ्याजवळ आली. आज तिच्या हातात चहा नव्हता. तिनं बाहेरून डावं दार उघडलं आणि म्हातारं माणूस उतरताना दार धरतात तसं धरून ठेवलं. मग आपल्याकडं जो शब्द घरच्या माणसाला कुणी कधी म्हणत नाही, तो ती मोठ्यानं म्हणाली.

"अप्पा, पाणी बघून झालं असंल तर... जावा आता."