निर्मोहनाथांचा विडा आणि सतराचा पाढा

नशिराबादच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये त्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता तीनएकशे माणसं पेढे थुंकत होती. एरवी पेढ्याला कुणी असं वागवत नाही. पण इथं थुंकणाऱ्याच्या चेहऱ्यावर मोठं काही मिळाल्याचं हसू होतं, आणि ज्याचा पेढा जास्त लांब जाऊन पडे त्याच्याकडे शेजारचे आदरानं बघत.

"माती," एक म्हातारा म्हणाला. "निव्वळ माती लागते."

"मला खडू लागला," शेजारचा म्हणाला. खडू हा मातीच्या वरचा अनुभव असावा, असा त्याचा सूर होता.

समोर फोमच्या गादीवर श्री निर्मोहनाथ महाराज बसले होते. तीन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ बोदवडकडे कंबरदुखीवर हात फिरवायचे. पण कंबर दुखणारा माणूस रांगेत फार वेळ उभा राहत नाही, म्हणून की काय, ते साखर आणि वजन या जास्त चालणाऱ्या शाखेकडे वळले. त्यांची पद्धत सोपी होती. त्यांचा शिष्य मगन प्रत्येकाला एक विडा देई आणि तो समोर उभं राहून चावायला लावी. विडा चावेस्तोवर महाराज मंत्र म्हणत. मग चूळ भरायची आणि पेढा तोंडात टाकायचा. पेढ्याला चव म्हणून नसे.

"साखर पेढ्यात नसते, बाळांनो," महाराज माइकमधून सांगत. "साखर मोहात असते. मोह गेला की खवा आणि ढेकूळ एकच. परदेशातले शास्त्रज्ञ आता हेच म्हणतायत. त्यांना फक्त विडा सापडलेला नाही."

तासाभरानं गोडी परत येते, असं कुणी म्हणालं तर त्यालाही उत्तर होतं. मोह दार ठोठावतो. सात गुरुवार सात विडे झाले की दार कायमचं बंद, म्हणजे जीभ 'बांधली' जाते. त्या सातव्या गुरुवारी भक्तानं आपल्या साखरेवरच्या गोळ्या गादीसमोरच्या मडक्यात टाकायच्या. मडकं अर्ध्याच्या वर भरलं होतं. दक्षिणा ऐच्छिक होती. म्हणजे इच्छा होईपर्यंत मगन ताट समोरून हलवत नसे.

पुष्पाबाईंचा तो सहावा विडा होता.

पुष्पाबाई खापरावरचे मांडे, म्हणजे मोठ्या पातळ पुरणपोळ्या, करत. नशिराबादेत आणि आसपास कुणाकडे पाहुणे यायचे असले, आमरसाची पंगत असली, की निरोप पुष्पाबाईंना जाई. दोन्ही हातांवर झुलवत झुलवत मांडा हाताच्या कोपरापर्यंत वाढवायचा आणि चुलीवर उलट्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा, हे त्या सोळा वर्षं करत होत्या. त्यांच्या घरी वजनकाटा नव्हता. डाळ शिजली की साखर घालायची, हाटायची, उलथन्याच्या टोकावरचं पुरण जिभेला लावायचं, कमी वाटलं तर आणखी मूठभर. मांडे करणाऱ्या बायका असंच करतात. साखर मोजून घालणारीला त्या नवशिकी म्हणतात.

पण या जिभेला लावण्यानंच घात केला होता. वजन शहाऐंशी किलो, गुडघे सकाळी उठायला नाखूश, आणि रक्तातली साखर अशी की जळगावच्या डॉक्टरीणबाईंनी कागद दोनदा वाचला. गोळ्या चालू झाल्या. तीन महिन्यांत आठ किलो कमी करा, गोड बंद करा, असं सांगून बाईंनी पुढचा पेशंट बोलावला. गोड बंद करायचं कसं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. दुपारी चारच्या सुमारास पुष्पाबाईंचा हात आपोआप साखरेच्या डब्यात जाई. त्यांनी डबा माळ्यावर ठेवला, तर गुडघे दुखत असताना त्या स्टुलावर चढल्या. त्या दिवशी त्या स्टुलावर उभ्या राहूनच रडल्या, आणि रडत रडत दोन चमचे साखर खाल्ली. अशा माणसाला कुणी जीभ बांधून देतो म्हणालं, तर तो जाणारच.

त्या गुरुवारी नूरबींची ऑर्डर होती. नूरबी म्हणजे गल्लीतल्या नासीर टेलरची आई. बोदवडहून त्यांचे होणारे व्याही जेवायला यायचे होते आणि त्यांना मांडे हवे होते. एरवी पुष्पाबाई गुरुवारी काम घेत नसत, पण नूरबींना नाही म्हणणं कठीण. डाळ शिजवून, सून मयुरीला सोबत घेऊन त्या शेडवर गेल्या आणि विडा खाऊन घाईनं परतल्या. साखर घातली, पुरण हाटलं, जिभेला लावलं.

काहीच नाही.

त्यांनी मूठभर साखर घातली. पुन्हा काही नाही. आणखी एक मूठ, मग दोन. मयुरीनं चाखलं आणि तिचा चेहरा बदलला.

"आई, फार झालं. पुरण सैल पडतंय."

पुष्पाबाईंनी तिला सांगितलं की सोळा वर्षं पुरण कोण करतंय, ते आधी बघ. साखर जास्त झालेलं पुरण पाझरतं; चार मांडे खापरावर फाटले. पुष्पाबाईंनी कणकेला दोष दिला, मग गिरणीवाल्याला, मग खापराला. उरलेले मांडे डब्यात भरून पाठवून दिले. मग भांडं विसळण्याआधी त्यांनी सवयीनं उलथनं चाटलं.

घसा जळला इतकं ते गोड होतं.

पुष्पाबाई चुलीसमोर बसून राहिल्या. सकाळपासून चव शोधत आपण हे पुरण निदान दहा वेळा चाटलं, हे त्यांनी मनात मोजलं. मोह कुठंच गेला नव्हता. गेली होती फक्त जीभ, तीही पाऊण तासासाठी, आणि तेवढ्या वेळात मोहानं नेहमीपेक्षा जास्त खाल्लं होतं. गेल्या पाच आठवड्यांत दवाखान्याच्या काट्यावर वजन दीड किलो वाढलं होतं. महाराज त्याला 'मोह बाहेर पडताना फुगतो' म्हणाले होते आणि पुष्पाबाईंना ते पटलंही होतं.

संध्याकाळी रिकामा डबा घेऊन नूरबींची नात निलोफर आली. ती जळगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. व्याही भले होते. आमच्याकडे एवढी साखर अख्ख्या लग्नाला लागत नाही, एवढंच म्हणून ते तांब्याभर पाणी प्यायले. नूरबींना राग आला नाही, काळजी वाटली. म्हणून त्यांनी निलोफरला पाठवलं होतं.

"अक्का, सकाळी काय खाल्लं होतंत?"

"विडा," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि रिकामा डबा बाजूला ठेवत, "महाराजांचा."

"तो बघायला मिळेल?"

मिळणार कसा? विडा मगनसमोरच खावा लागे. तेव्हा मयुरीनं फ्रिज उघडला आणि कोथिंबिरीच्या मागून एक विडा काढला. कातानं दात लाल होतात म्हणून ती पाच गुरुवार विडा गालात धरून नुसती तोंड हलवत होती आणि नंतर रुमालात काढत होती. आज मात्र तिनं तो हातातच लपवला होता. सकाळी पुरणाची चव तिलाच बरोबर का कळली, त्याचं कारण हे होतं. पुष्पाबाईंनी सुनेकडे जरा निराळ्या नजरेनं बघितलं.

निलोफरनं विडा उलगडला. पान, कात, बडीशेप, आणि मधोमध करड्या-हिरव्या रंगाची चिमूटभर पूड. तिनं पूड झटकून वाटीत घेतली आणि उरलेला विडा पुष्पाबाईंना दिला. मोबाईलवर महाराजांचा मंत्र लावला, तो त्यांच्याच चॅनेलवर होता. पुष्पाबाईंनी विडा मनोभावे चावला, चूळ भरली, साखर जिभेवर ठेवली. गोड लागली. मग निलोफरनं पूड मयुरीला दिली आणि मंत्राऐवजी सतराचा पाढा म्हणायला लावला. सतरा पंचे पंच्याऐंशीला मयुरी अडखळली, तरी पाढ्याची शक्ती कमी झाली नाही. साखर तिच्या तोंडात वाळूसारखी करकरली.

"मधुनाशिनीचा पाला असणार," निलोफर म्हणाली. "गुडमार म्हणतात. रानात वेल असते, आयुर्वेदाच्या दुकानातही मिळते. जिभेवर गोड ओळखणाऱ्या जागा असतात, तिथं हा जाऊन बसतो. अर्धा-पाऊण तास गोड कळत नाही. खारट, तिखट सगळं कळतं. गोड पोटात गेलं की ते रक्तात जातंच, अक्का. जिभेला कळलं नाही म्हणून साखर परत फिरत नाही."

"मग गोळ्या?"

"त्या टाकल्या असत्या तर?" निलोफरनं एवढंच विचारलं.

पुष्पाबाईंचं माहेर धरणगावचं. राग आला की त्या माहेरच्या बोलीत जात. "बठ्ठा गावले येडं करी ऱ्हायना तो," त्या म्हणाल्या, म्हणजे सगळ्या गावाला वेडं करतोय. "येऊ दे गुरुवार."

सातव्या गुरुवारी पुष्पाबाई सगळ्यांत पुढं उभ्या होत्या, हातात गोळ्यांचं पाकीट. त्यांच्या शेजारी लीलाधरभाऊ, रावेरकडचे केळीवाले. त्यांचे सात विडे होऊन गोळ्या तीन आठवड्यांपूर्वीच मडक्यात गेल्या होत्या, तरी दार पक्कं राहावं म्हणून ते अजून विडा घ्यायला येत. हल्ली तहान भागत नाही, रात्रीतून पाच वेळा उठावं लागतं, असं ते सांगत होते, आणि मगन त्यांना समजावत होता की मोह पाण्यावाटे निघतोय.

महाराजांनी मडक्याकडे बोट केलं. पुष्पाबाईंनी विडा हातात घेतला, उलगडला, आणि पूड घरून आणलेल्या ताटलीत झटकली. मगन पुढं सरसावला, पण बायकांच्या रांगेतून त्याला वाट मिळाली नाही. पुष्पाबाईंनी उरलेला विडा तोंडात टाकला आणि महाराजांना म्हणाल्या, मंत्र म्हणा. माइक चालू होता आणि तीनशे माणसं बघत होती, तेव्हा महाराजांना म्हणावाच लागला. मग पुष्पाबाईंनी पेढा खाल्ला.

"गोड आहे," त्या माइकमध्ये म्हणाल्या. "वेलची जरा कमी पडली."

महाराजांनी डोळे मिटले आणि सांगितलं की या माऊलीची श्रद्धा तोकडी पडली. त्यावर पुष्पाबाई वळल्या. भाऊ, तुमची श्रद्धा तर पुरी आहे ना, तुम्ही करा. लीलाधरभाऊंनी बावचळून आपला विडा उलगडला, पूड झटकली, महाराजांकडे हात जोडले आणि विडा चावला. पेढा तोंडात टाकला. थुंकला नाही. गिळला.

"गोड शे," ते हळू आवाजात म्हणाले.

आता निलोफर मागून पुढं आली. आपली या मंत्रावर काडीची श्रद्धा नाही, हे तिनं सगळ्यांना आधीच सांगून टाकलं, ताटलीतली पूड उचलून जिभेवर घेतली आणि मोठ्यानं सतराचा पाढा सुरू केला. शाळेत शिकलेले कितीतरी जण नकळत तिच्या सुरात सूर मिसळू लागले. सतरा चोक अडुसष्टपर्यंत अख्खी शेड पाढा म्हणत होती. तिनं पेढा तोंडात टाकला, चघळला.

"खडू."

मग तिनं वेलीचं नाव सांगितलं आणि ती काय करते, काय करत नाही, ते सांगितलं. वेल खरी आहे, ती म्हणाली. खोटा आहे तो मंत्र, आणि ते मडकं.

"महाराज, तुम्ही घ्या ना एक विडा," पुष्पाबाई म्हणाल्या. "मग मी दोन मांडे देते. एकात साखर आहे, एकात नाही. कोणता गोड, तेवढं सांगा."

महाराजांना त्याच क्षणी मौन लागलं. मगननं जाहीर केलं की महाराज आता समाधीत जातील. समाधी लागली ती मागच्या दाराशी उभ्या असलेल्या गाडीत, आणि ती गाडी भुसावळच्या दिशेनं गेली.

लोक मडक्याकडे धावले. कुणाचं पाकीट कुणाच्या हातात आलं याचा पत्ता नव्हता. निलोफरनं मडक्यावर ताट ठेवलं आणि त्यावर चक्क बसली. दुसऱ्याच्या गोळ्या कुणी खायच्या नाहीत, ज्यांनी सोडल्या त्यांनी आजच डॉक्टरांकडे जायचं, असं तिनं बसल्या जागेवरून बजावलं. लीलाधरभाऊंना मयुरीनं त्यांच्याच मोटारसायकलवर मागं बसवून दवाखान्यात नेलं. साखर चारशेच्या घरात निघाली. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर अवघड होतं.

गर्दीत कुणीतरी पुष्पाबाईंना टोमणा मारला, की जिभेवर एवढाच ताबा असता तर अक्का इथं आल्याच नसत्या. पुष्पाबाई माइकपाशी परत गेल्या.

"माले गोड आवडस," त्या म्हणाल्या. "त्यानी माले लाज नही. मी सहा विडे खाल्ले, तेही लपवत नाही. पण मनी जीभ मनी शे. तिले बांधणारा तो कोण?" आणि पाकिटातली एक गोळी काढून त्यांनी सगळ्यांदेखत पाण्याबरोबर गिळली.

पुष्पाबाईंना चारची हुक्की अजून येते. येते, आरडाओरडा करते, आणि त्या वेळात खापर घासायला घेतलं तर वीसेक मिनिटांत कंटाळून जाते. कधी जात नाही, तेव्हा त्या मूठभर फुटाणे खातात, आणि एखाद्या दिवशी हरतातही. पुरण आता मयुरी चाखते. पुष्पाबाईंनी वजनकाटे आणले आहेत, साखरेसाठी एक आणि स्वतःसाठी एक. दोन महिन्यांत तीन किलो उतरले. यात चमत्कार काही नाही, म्हणून यावर कुणी चॅनेल काढलेलं नाही.

महाराज दुसऱ्या नावानं दुसऱ्या गावी दिसतील. तिथं विडा नसेल, अंगारा असेल, तेल असेल, पाणी असेल. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या वस्तूतून मंत्र वगळून बघा, मग मंत्रातून वस्तू वगळून बघा, आणि हे सगळं चारचौघांत करा. करू देत नसतील, तर तुमची गोळी खिशात ठेवा आणि घरी जा.