आठशेच्या खाली

दवाखान्यातून फोन आला त्या सकाळी तो बायकोच्याच गाडीचं बॉनेट उघडून उभा होता. दुपारी तिला घरी आणायचं होतं, आणि ती जुनी गाडी सिग्नलला थांबली की बंद पडायची. फोन ठेवून त्याने इंजिन बंद केलं आणि हात पुसले. आता कुणाला आणायला जायचं नव्हतं.

महिन्याने मेहुणा आला. "दाजी, ताईची गाडी अशी कुजवू नका."

इंजिन तापल्यावर त्याने मेहुण्याला आत, इंजिनाच्या फेऱ्या दाखवणाऱ्या काट्यासमोर बसवलं आणि स्वतः त्या फेऱ्या कमी-जास्त करायच्या हवेच्या स्क्रूवर वाकला. आत बसायचं काम एरवी बायकोचं. गाडीतलं तिला ओ की ठो कळत नसे, पण काटा चोख वाचायची. "आठशेच्या खाली. अजून खाली. हां, आता आठशे. पुरे हो, हात आवरा."

"किती झाले?" त्याने विचारलं.

"बरं वाटतंय, दाजी."

"बरं नको, आकडा सांग."

"नऊशे. नाही, थांबा, माझा पाय पेडलवर होता. सातशे."

"ताईचा भाऊ शोभतोस खरा," तो म्हणाला. थोडं हसूही आलं.

मग मेहुणा नीट आकडा सांगू लागला. पण पुरे कोणी म्हणेना, आणि त्याचा हात स्क्रू न फिरवता तसाच राहिला. शेवटी त्याने बॉनेट लावलं.

काटा अजून सातशेवरच आहे. गाडी सिग्नलला बंद पडते.