टाचणीच्या पोटात काय होतं

गोष्ट एकोणीसशे ब्याऐंशी सालची. तेव्हा गल्लीत टीव्ही आले नव्हते आणि माणसं संध्याकाळी एकमेकांच्या घरात काय चाललंय तेच बघत असत. त्यामुळे शिवणवाल्या काकूंची मांजर आजारी असल्याचं काकूंच्या आधी शेजारणीला कळलं.

"तुमच्या टाचणीनं आमच्या पायरीवर ओकून ठेवलंय हो," तिनं खिडकीतूनच सांगितलं. "काय खाल्लं कुणास ठाऊक. की कुणी घातलं?"

शेजारीण आपली सहज बोलून गेली, पण काकूंच्या डोक्यात ते शेवटचं वाक्य रुतून बसलं.

टाचणीला काकूंच्या नवऱ्यानं कोटाच्या खिशात घालून घरी आणलं होतं. नावही त्यांनीच ठेवलेलं. एवढीशी होती, पण पायाला टोचल्याशिवाय राहायची नाही. ते गेले आणि मागे मशीन, काकू आणि टाचणी अशी तिघंच एका खोलीत उरली. पलीकडच्या खोलीत मुलगा आणि सून. काकूंना दोरा दातानं तोडायची सवय होती. तोडलेला तुकडा त्या टाचणीच्या नाकापुढे लोंबवायच्या, तिनं दोन पंजे मारले की सोडून द्यायच्या. सून केर काढताना कुरकुरायची, "आई, दोरे खाली टाकत जाऊ नका ना." काकू मनात म्हणायच्या, हिला माझी मांजर नको, माझे दोरेही नकोत. उद्या मीही नको असेन.

टाचणी खाईना, पिईना. पोटाला हात लावला तर गुरगुरू लागली. काकूंना एकदम आठवलं, सुनेनं नुकतंच उंदराचं औषध आणलं होतं. त्या स्टुलावर चढल्या. बाटली वरच्या फळीवर जागच्या जागी होती. झाकण मात्र सैल होतं. काकूंना तेवढं पुरलं.

"चला, डॉक्टरकडे नेऊ," मुलगा टाचणीला पिशवीत घालत म्हणाला.

"तू कशाला? मी नेते."

"आई, पिशवी जड आहे."

"मांजर आहे ती. पिशवी नव्हे."

शेवटी तिघंही निघाली. सून मागून हातात टॉवेल घेऊन येत होती. टॉवेल कशाला, असं काकूंच्या मनात आलं, आणि त्याचं जे उत्तर सुचलं ते त्यांना आवडलं नाही.

जनावरांच्या डॉक्टरचा दवाखाना दोन खोल्यांचा. पुढे बाकडी, मागे ऑपरेशनची खोली, मधल्या दाराच्या काचेला पांढरा रंग फासलेला. डॉक्टर तरुण होता, मान खाली घालून पुटपुटल्यासारखा बोलायचा. त्यानं टाचणीचं पोट चाचपलं. "इथे सगळं एका जागी गोळा झालंय. काहीतरी अडकलंय. उघडावं लागेल."

"उघडा," काकू म्हणाल्या. "मी आत उभी राहते."

"मालकांना आत घेत नाही आम्ही. तुम्ही बाहेर बसा."

बाहेर बसा. हे शब्द काकूंनी आधी ऐकले होते. नवऱ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा मुलगाच म्हणाला होता, "आई, तू बाहेर बस, सगळं ठीक आहे." ठीक आहे, ठीक आहे असं तो सांगत राहिला, आणि ते कधीच गेलेले होते. त्यानंतर मुलाच्या तोंडचं 'ठीक आहे' काकूंनी कधी जमेस धरलं नाही.

त्या बाकड्यावर बसल्या. कंपाउंडरनं टाचणीला आत नेऊन बराच वेळ झाला होता, आणि मुलगा दारात उभा राहून डॉक्टरशी बोलत होता. डॉक्टरचं पुटपुटणं ऐकू येईना, पण मुलाचा आवाज स्पष्ट आला.

"मग करून टाका मोकळी. आईला मात्र आत घेऊ नका."

मोकळी करून टाका! पोट उघडायचंच नाही म्हणजे. एक सुई टोचायची, टॉवेलात गुंडाळायची आणि बाहेर येऊन सांगायचं, सुटली बिचारी. पोट उघडलंच नाही, तर पोटात काय होतं ते कुणाला कळणार? त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून टॉवेलाची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. डोळे लाल. काकू मनाशी म्हणाल्या, भीती वाटतेय हिला.

काकू उठल्या. मुलगा "आई, अगं" म्हणेपर्यंत त्यांनी मधलं दार ढकललं होतं.

टाचणी टेबलावर होती, भूल दिलेली, जीभ एका बाजूला आलेली. पोट भादरलेलं.

"काकू, बाहेर व्हा," डॉक्टर म्हणाला.

"नाही होणार. तिच्या पोटात काय निघतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघणार. नाहीतर तिला अशीच परत द्या."

डॉक्टरनं कंपाउंडरकडे पाहिलं. कंपाउंडर म्हणाला, "साहेब, भूल उतरेल." त्यावर डॉक्टरनं सुस्कारा सोडला. "भिंतीला टेकून उभ्या राहा. कशाला हात लावायचा नाही. आणि पडायचं असेल तर बाहेर जाऊन पडा."

काकू पडल्या नाहीत. त्यांनी सगळं पाहिलं. आतडी बाहेर आली ती चुणीदार. पडद्याला चुण्या घालताना दोरा ओढला की कापड जसं त्याच्यावर गोळा होतं, अगदी तशी. काकूंनी तोंडावर पदर धरला.

"दोऱ्याचं एक टोक वर जठरात अडकलंय," डॉक्टर आता चांगला स्पष्ट बोलत होता. "आतडी बिचारी उरलेला दोरा पुढे ढकलायला बघतात आणि त्याच्यावरच चढत जातात. ओढला तर फाटतील. तुकडे करत काढायचा."

एकेक तुकडा तो ताटलीत ठेवत गेला. ओला, काळपट. कंपाउंडरनं ताटलीत पाणी ओतलं तेव्हा रंग दिसला. जांभळा. काकूंच्या मशीनवर त्याच आठवड्यात जांभळे पडदे शिवले गेले होते.

"झालं," डॉक्टर म्हणाला. "आतडी मोकळी झाली."

मोकळी! काकू त्या शब्दाकडे बघतच राहिल्या. म्हणजे मुलगा आतड्यांबद्दल बोलत होता.

त्या बाहेर आल्या. सून उठून उभी राहिली. "आई, आहे ना ती?"

"आहे," काकू म्हणाल्या. मग बाकड्यावर टेकत, "दोरा होता. माझा."

सून टोमणा मारेल म्हणून त्या वाट बघत होत्या. सून खाली बसली आणि टॉवेलात तोंड घालून रडू लागली. "आजारी मांजर गार पडते म्हणतात," हुंदक्यातून म्हणाली, "म्हणून हा आणला होता."

मुलगा शेजारी येऊन बसला. "आत कशाला गेलीस? काही झालं असतं तर तुला बघवलं असतं का?"

"तुझ्या बाबांच्या वेळी तू आत होतास. मला बसवलंस बाहेर."

"मी कुठे आत होतो, आई? मलाही जिन्याशीच बसवलं होतं. ठीक आहे असं तिथले डॉक्टर मला सांगत होते, तेच मी तुला सांगत होतो."

हे खरं, की आपल्याला बरं वाटावं म्हणून, असा प्रश्न काकूंच्या अगदी ओठावर आला. त्यांनी विचारला नाही. मुलाच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

टाचणी पुढे पुष्कळ वर्षं जगली. म्हातारपणी ती सुनेच्या मांडीवरच झोपायची; काकूंना त्याचा राग यायचा आणि त्या तसं बोलूनही दाखवायच्या. डॉक्टरनं त्या दिवसापासून मालकांना आत घ्यायला सुरुवात केली, पण लवकरच आखाड्यातला एक पहिलवान आपल्या कुत्र्याच्या टेबलाशेजारी आडवा झाला, आणि दाराच्या काचेला पुन्हा पांढरा रंग लागला. मुलाची बदली झाली, सून काही काळ काकूंजवळच राहिली. शेजारीण अखेरपर्यंत सांगत राहिली की मांजरीला कुणीतरी काहीतरी घातलंच होतं, आणि काकू अखेरपर्यंत म्हणत राहिल्या, "हो, मीच."

उंदराच्या औषधाचं झाकण सैल कसं झालं, ते मात्र काकूंनी सुनेला कधी विचारलं नाही. मशीनजवळ त्यांनी दोऱ्यांसाठी एक डबा ठेवला. त्याचं झाकण घट्ट होतं.