विहीणबाईंनी यावं, बसावं, खावं

डॉक्टरीणबाईंचा एकुलता एक लेक परदेशी नोकरीला गेला आणि तिकडचीच बायको करून बसला. सून गोड होती, मोडकंतोडकं मराठी बोलायची आणि सासूला न चुकता 'अहो आई' म्हणायची. अडचण होती ती सुनेच्या आईची. विहीणबाईंना फ्रेंच सोडून दुसरी भाषा येत नव्हती.

पहिल्यांदा व्हिडिओ कॉल लावला तेव्हा दोघी समोरासमोर बसून नुसत्या हसत राहिल्या. डॉक्टरीणबाईंची पंचाईत अशी की त्या दातांच्या डॉक्टर. जन्मभर दुसऱ्याचे दात बघितले, स्वतःचे दाखवत बसायची सवय नाही. कॉल संपला तेव्हा त्यांचे गाल दुखत होते. विहीणबाईंच्या वरच्या डाव्या दाढेत सिमेंट भरलेलं आहे, एवढीच काय ती नवी माहिती हाती लागली होती.

"हे असं चालायचं नाही," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मी फ्रेंच शिकणार."

नवरा वर्तमानपत्रामागून म्हणाला, "शीक. मला मात्र बोलायला लावू नकोस."

गावात फ्रेंच शिकवणारे एकच होते, कॉलेजातून निवृत्त झालेले टोपीसर. सर बोडके फिरायचे, पण फ्रेंचमध्ये काही अक्षरांच्या डोक्यावर छपरासारखी एक खूण येते, तिला ते टोपी म्हणत, आणि विद्यार्थ्याने टोपी विसरली तर घरात कुणी गेल्यासारखा चेहरा करत. म्हणून ते टोपीसर.

वर्तमानकाळ, भूतकाळ, भविष्यकाळ सरांनी घाईघाईने उरकले, जेवणाआधी हात धुतात तसे. मग खुर्चीत सावरून बसले आणि म्हणाले, "आता खरं फ्रेंच सुरू होतं. सब्जाँक्टिफ अँपार्फे."

"म्हणजे काय हो सर?"

"भूतकाळातली इच्छा. भूतकाळातली शंका. भूतकाळातली भीती. तुम्ही यावं असं मला वाटतं, हे कुणीही म्हणेल. तुम्ही यावं असं मला वाटत होतं, असं म्हणायचं झालं की यावं या क्रियापदाला वेगळा पोशाख लागतो. बाकीचे काळ बाजारात मिळतात, बाई. हा घरंदाजांच्या घरीच सापडतो."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे आपला विध्यर्थच की. यावंत, बसावंत, चार घास खावेत."

"तोच. पण पैठणी नेसलेला."

झालं. बाईंना नेमकं हेच हवं होतं. विहीण म्हणजे मानाचं माणूस, तिच्याशी काय भाजीवालीशी बोलतो तसं बोलायचं? त्या हात धुऊन त्या काळाच्या मागे लागल्या. दवाखान्यात पेशंटच्या तोंडात आरसा घालून त्या 'शकणे' हे क्रियापद पुटपुटत. त्याचं रूप ऐकायला थेट 'प्युस, प्युस' असं येतं. दवाखान्यातल्या मावशींनी पहिल्यांदा ट्रे पुसला. दुसऱ्यांदा खुर्चीचा हात पुसला. दुपारपर्यंत त्यांनी खिडक्या, दरवाजे आणि बाहेर ताटकळलेल्या एका आजोबांचा चष्माही पुसला आणि शेवटी फडकं आपटून म्हणाल्या, "ताई, आता तुम्हीच दाखवा कुठे घाण दिसतेय ती."

घरी वेगळीच तऱ्हा. 'खाणे' हे क्रियापद 'माँजास, माँजासिये' असं चालतं. बाई स्वयंपाकघरात ते घोकत असताना नवरा रोज उठून दुधाचं पातेलं झाकून यायचा आणि ओट्याखाली वाकून "शुक शुक" करायचा. आठवडाभर त्याला ते मांजर काही सापडलं नाही.

अखेर वाक्य तयार झालं. टोपीसरांनी ते तीनदा म्हणवून घेतलं आणि डोळे मिटून मान डोलावली. रविवारी कॉल लागला. डॉक्टरीणबाई ठेवणीतली साडी नेसून, पाठ ताठ करून बसल्या आणि एका दमात म्हणाल्या, तुम्ही आमच्याकडे यावंत, बसावंत आणि चार घास खावेत, अशी माझी फार इच्छा होती. फ्रेंचमध्ये ते "वँसिये, आसिसिये, माँजासिये" असं वाजत गेलं, उतरणीला लागलेल्या सायकलच्या घंटीसारखं.

पलीकडे विहीणबाईंचा कप ओठांपाशी थांबला. त्यांनी तो खाली ठेवला. केस चाचपले. स्वेटरचं वरचं बटण लावलं. मग काहीतरी पुटपुटल्या आणि पडदा काळा झाला.

थोड्याच वेळात लेकाचा फोन आला. "आई, तू माझ्या सासूला काय बोललीस?"

"जेवायला बोलावलं."

"कुठल्या भाषेत?"

"फ्रेंचमध्ये. का रे, चुकलं काही?"

"चुकलं नाही, तेच तर झालंय. आई, हे असं तिकडे कुणी बोलत नाही. जुन्या पुस्तकांत छापलेलं असतं. उद्या कुणी तुला फोनवर म्हणालं, 'आपण मजकडे येते जाहलात तर मज धन्यता वाटती जाहली असती', तर तुला काय वाटेल? त्या घाबरल्यात. हिला विचारत होत्या, तुझी सासू राजघराण्यातली आहे हे आधी का नाही सांगितलंस."

डॉक्टरीणबाई तडक टोपीसरांच्या घरी गेल्या. "सर, तुम्ही मला टोपी घातलीत."

"कुठल्या अक्षरावर?" सरांनी विचारलं.

बाईंनी सगळं सांगितलं. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोक बोलत नाहीत हा लोकांचा दोष आहे. काळाचा नाही."

"पण तुम्ही कधी कुणा फ्रेंच माणसाशी बोललाच असाल ना?"

सरांनी टेबलावरचं व्याकरणाचं पुस्तक उगाच सरळ केलं. "तसा योग आला नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघून बाईंचा राग तिथेच विरला. आता शिकवणी सोडली तर ह्या माणसाचं कसं व्हायचं, या विचाराने त्यांनी पुढच्या महिन्याचंही ठरवून टाकलं.

पुढच्या रविवारी साधं बोलायचं असा निश्चय करून त्या बसल्या. पण पडदा उजळला आणि समोर विहीणबाई मोत्यांची माळ घालून, केस बसवून, हातात कागद धरून. घसा खाकरून त्यांनी वाचायला सुरुवात केली. वाक्य लांबलचक होतं आणि त्यात सगळी रूपं सालंकृत, टोप्यांसकट. सुनेने नंतर सांगितलं, की आई रात्री जागून शाळेतलं व्याकरण काढून बसते आणि येणाऱ्या जाणाऱ्याला रूपं विचारते. लेकीच्या सासरी आपलं हसं होऊ नये म्हणून. त्या काही कुणी बड्या बाई नव्हत्या. मोटार चालवायला शिकवायची शाळा होती त्यांची, दिवसभर शिकाऊंवर ओरडून घसा बसायचा.

आता माघार कशी घ्यायची? इकडून टोपीसर लढवत, तिकडून कुणी निवृत्त मास्तरीण. तुम्हाला बरं वाटत असावं अशी मला आशा होती. तुम्हाला तशी आशा असावी याचा मला आनंद होता. महिनोन्महिने दोघी एकमेकींना असं मानाने कोंडीत पकडत राहिल्या आणि त्या बोलण्यातून एकीला दुसरीबद्दल कणभर काही कळलं नाही.

मग विहीणबाई लेकीजावयाला घेऊन खरोखरच यायच्या झाल्या. विमानतळावर दोघींनी एकमेकींना आपापली वाक्यं म्हणून दाखवली. लोक थांबून बघत होते. डॉक्टरीणबाईंनी त्यांना गाडीत पुढे बसवलं. लेक आणि सून सामान घेऊन मागे.

डॉक्टरीणबाई गाडी चालवत ती दाढ काढल्यासारखी. आधी हलवून बघायची, मग ओढायची, मग एकदम झटका. विहीणबाईंनी पहिल्या वळणापर्यंत ओठ घट्ट मिटून ठेवले. दुसऱ्या वळणाला त्यांचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबायला लागला. चौकात सिग्नल लाल झाला, समोर बस आडवी आली, आणि डॉक्टरीणबाई त्या वेळी 'वाट पाहणे' या क्रियापदाचं रूप आठवत होत्या.

"फ्रेन," विहीणबाई अशा गरजल्या की मागे सुनेने डोळे मिटले. "मे फ्रेन."

ब्रेक दाब, अगं दाब की. अरेतुरेतलं, आज्ञार्थी, जोडाक्षर सोडलं तर साधं.

"दाबतेय ना गं," डॉक्टरीणबाई मराठीत ओरडल्या. गाडी बसच्या पोटापाशी थांबली.

विहीणबाईंनी गळ्यातली माळ काढून पर्समध्ये टाकली आणि हँडब्रेक स्वतःच्या हाताने ओढला. त्यांनी बोटाने दाखवलं, तू इकडे ये, मी तिकडे जाते. लेक मागून म्हणाला, "आई, ऐक त्यांचं." पण डॉक्टरीणबाई आधीच हसायला लागल्या होत्या, आणि विहीणबाईही. त्या डाव्या दाढेतलं सिमेंट निघायला आलंय हे डॉक्टरीणबाईंना तेवढ्यात दिसलं, आणि त्यांनी सरळ बोट घालून "हे दुखतं का?" असं मराठीत विचारलं. विहीणबाईंनी फ्रेंचमध्ये हो म्हटलं. मागच्या गाड्यांनी हॉर्नचा नुसता कल्ला केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढ भरून झाली आणि संध्याकाळी मैदानात गाडी शिकणं सुरू झालं. टोपीसर कोट घालून भेटायला आले होते. त्यांनी विहीणबाईंसमोर उभं राहून आपलं उत्तम वाक्य म्हटलं. विहीणबाईंनी भराभर उत्तर दिलं, तेव्हा सर नम्रपणे म्हणाले, "जरा लिहून द्याल का?" मग त्यांना आग्रहाने मागच्या सीटवर बसवण्यात आलं.

डॉक्टरीणबाईंनी गाडी मागे घेतली. "सावकाश, डावीकडे, डावीकडे गं," असं विहीणबाई हातवाऱ्यांनी आणि फ्रेंचने सांगत होत्या. गाडी उजवीकडे गेली, एका पिंपावर आदळली, पुढे उडी मारून पुन्हा मागे गेली. सर दोन्ही हातांनी सीटला धरून बसले होते. त्यांचे ओठ हलत होते. इच्छा होती, शंका होती, भीती तर होतीच.

"उतरवा मला," सर साध्या आज्ञार्थात म्हणाले.