परत आलेलं कोणी वाचलंच नाही

मित्रांनो, मी जुना आहे हे मला मान्य आहे. पण मी कामचुकार आहे असं जे माझ्याबद्दल बोललं गेलं, ते मी भंगारात जाईपर्यंत विसरणार नाही. मी सांगलीतल्या एका तपासणी लॅबचा मेल सर्व्हर. लॅबचे सगळे रिपोर्ट माझ्याच हातून डॉक्टरांकडे जातात.

मला नवा आणला तेव्हा लॅबचे मालक धन्यकुमार अण्णा यांनी मला हार घातला, पेढे वाटले. कॉम्प्युटरचं काम बघणारा त्यांचा पुतण्या भरतेश रोज माझी धूळ पुसायचा. पुढे कौतुक आटलं. कोणी माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागलं, कोणी ओली छत्री. तेही मी सोसलं.

मग गेल्या वर्षी दशलक्षण पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. वर्षभरात कळत-नकळत कोणाला दुखावलं असेल, तर या दिवशी जैन माणसं एकमेकांकडे जाऊन हात जोडून क्षमा मागतात. किती चांगली रीत! पण अण्णांना जायला वेळ नव्हता. लॅब सुरू झाल्यापासून जमलेल्या झाडून सगळ्या पत्त्यांवर एकदम क्षमेचा मेल पाठवायचा हुकूम सुटला. जुने पेशंट, औषधवाले, केव्हाच बंद पडलेले पत्ते, कोणालाही सोडलं नाही. मी धापा टाकत पाठवत राहिलो. हा कोण अनोळखी माणूस, म्हणून लोकांनी तक्रारी केल्या. आमच्या जगात उपद्रवी सर्व्हरांवर नजर ठेवणारे पहारेकरी असतात. त्यांनी माझं नाव काळ्या यादीत टाकलं. पाठवणारे अण्णा आणि बदनाम मी!

जे मेल पोचले नाहीत, त्यांच्या सूचना मी इमानाने परत आणल्या. अण्णांची मेलची पेटी त्या सूचनांनी भरून गेली.

“भरतेश, ही कटकट बंद कर की रं,” अण्णा वैतागून म्हणाले.

सूचना का येताहेत हे बघायचं सोडून भरतेशने मला बजावलं, की परत आलेलं सगळं थेट कचऱ्यात टाकायचं. माझं तोंडच बांधलं त्याने.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी कडेगावच्या मुक्ताबाईंच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला आला. गाठ वाईट निघाली. पुण्याच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख ठरली होती, पण लॅबच्या मेलवरून थेट आलेला रिपोर्ट बघितल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. रिपोर्ट पाठवणाऱ्या दीपालीने तो पाठवला. हॉस्पिटलच्या सर्व्हरने मला दारातूनच हाकललं. काळ्या यादीतल्यांचं काही घेत नाही, म्हणाला. मी तशी सूचना घेऊन आलो आणि हुकमाप्रमाणे कचऱ्यात टाकली. तेव्हाचा माझा संताप काय सांगू! मला आवाज असता तर अख्खी लॅब डोक्यावर घेतली असती.

मुक्ताबाईंची मुलगी प्रियंका पुण्याहून परतली ती तडक लॅबमध्ये आली.

“आवं ताई, पाठवलंय म्हनताय, मग तितं का न्हाई? आईला उपाशीपोटी बसवलं आन् माघारी लावून दिलं. तारीख गेली आमची!”

“मी पाठवलाय हो. हे बघा ना,” दीपाली रडवेली झाली.

“सर्व्हर म्हातारा झालाय, कामचुकार झालाय. भंगारात घाला त्याला,” अण्णा म्हणाले.

माझा पंखा रागाने गरगरू लागला. एवढी वर्षं राबलो, त्याचं हे बक्षीस!

प्रियंका जागची हलली नाही. “त्यांनी घ्येतलं न्हाई तर तसं कळवलं आसंल की कुनाला तरी.”

भरतेशचा चेहरा उतरला. “अण्णा, परत आलेलं सगळं मी कचऱ्यात टाकायला लावलंय.”

कचरा उघडला. मुक्ताबाईंच्या रिपोर्टची सूचना तिथे होती, आणि तिच्याखाली आणखी कितीतरी पेशंटांच्या. भरतेशने तो हुकूम काढला, मेलेले पत्ते खोडले, काळ्या यादीतून माझं नाव काढायला विनवण्या केल्या. दीपालीने फोनवर फोन करून सगळे अडकलेले रिपोर्ट मार्गी लावले. मुक्ताबाईंना मात्र नवी तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली. गाठ काही त्यांच्यासाठी थांबली नव्हती. ऑपरेशन मोठं करावं लागलं.

पुढे त्या पुन्हा तपासणीला आल्या तेव्हा त्यांचा आवाज घोगरा झाला होता. अण्णा खुर्चीतून उठले आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले.

“मुक्ताबाई, चूक माझी. क्षमा करा.”

“माफीचं ऱ्हाऊ द्या, अण्णा,” मुक्ताबाई म्हणाल्या. “आजचा रिपोर्ट तितं पोचल्याबिगार मी हितनं उठत न्हाई.”

आणि त्या बाकावर बसून राहिल्या. मी रिपोर्ट नेला. दीपालीने हॉस्पिटलला फोन लावला. मिळाला, असं तिकडून कळलं तेव्हाच त्या उठल्या.

मित्रांनो, तुम्हीही उद्या मोठे व्हाल, मेल पाठवाल. पाठवला म्हणजे पोचला, असं समजून हात झटकू नका. माझी धूळ पुसा, न पुसा. माझी क्षमाही कोणी मागू नका, अजून तरी कोणी मागितलेली नाही. मी परत आणलेलं तेवढं उघडून वाचा. त्यात कोणाची तरी आई असते.