पुढच्या दोन दातांतली फट

फोन थरथरत थरथरत मेणाच्या डबीला येऊन टेकला, तेव्हा कवळीवाल्याने हातातला साचा खाली ठेवला. न वाचलेले निरोप एकशे ब्याऐंशी. कवळ्या करून देण्याचं त्याचं दोन खोल्यांचं दुकान, पण हुकूम सोडणारे दातांचे डॉक्टर सतरा. कुणी फोटो पाठवायचा, कुणी लांबलचक बोलून ठेवायचा, कुणी पाठवलेलं पुसून पुन्हा पाठवायचा. लेकीने तातडीच्या निरोपांवर लाल खूण करायला शिकवलं होतं. आठवड्यात सगळेच लाल झाले. एक ना धड, भाराभर चिंध्या!

दारात एक आजी-आजोबा उभे होते. दहाच दिवसांपूर्वी आजोबांची कवळी त्याने करून दिली होती. आजोबांनी तोंडावर हात धरला होता.

"टोचतेय का?"

"छे! झकास बसलीय," आजोबा हाताआडून म्हणाले. "हीच ऐकत नाही."

"चांगलीच आहे हो," आजी म्हणाल्या. "पण ह्यांच्या पुढच्या दोन दातांत फट होती. तेवढी ठेवा म्हणून डॉक्टरांना तीनदा सांगितलं मी. आता हे हसले, की घरात कुणी परकंच आल्यासारखं वाटतं. तसं मी बोलून गेले, तर ह्यांनी हसायचंच सोडलं."

त्याने फोन चाळला. एका सुविचाराच्या आणि सवलतीच्या जाहिरातीच्या मधे निरोप सापडला. 'पुढे फट ठेवा. पत्नीचा आग्रह आहे.' त्याची कानशिलं तापली. डॉक्टर विसरले म्हटलं, तर कोण तपासणार होतं? खरं सांगितलं, तर ते डॉक्टरांच्या कानावर जाणार. आणि ते डॉक्टर एका चुकीवर माणूस बदलायचे.

"आजी, निरोप आला होता," त्याने एकदाचं सांगून टाकलं. "मीच वाचला नाही. डॉक्टरांची काही चूक नाही. कवळी ठेवून जा, नवी करतो."

"राहू द्या हो," आजोबा म्हणाले. "ह्या वयात माझं तोंड बघतंय कोण?"

"मी बघते," आजी म्हणाल्या.

फोन पुन्हा थरथरला. त्याचा जीव तिकडे ओढला, तरी त्याने तो पालथा ठेवला आणि कागद पुढे केला. "केवढी होती, दाखवा."

आजी पेन्सिलीने दोन दात काढू लागल्या. आजोबांनी कवळी काढून वाटीत ठेवली, कागदावरच्या वेड्यावाकड्या दातांकडे पाहिलं आणि बोळक्या तोंडाने खदखदून हसले. हात तोंडाकडे गेला नाही.