खळ्याबाहेर टांगलेली थैली

मी थैली. कमरेला बांधायची, चामड्याची. माझ्या झाकणावर दातांचे व्रण आहेत, ते बघून दचकू नका. ते कसे उठले, हेच तर आज सांगायचं आहे. रोज मला बोलायला फुरसत कुठे? आज सगळे गप्प उभे आहेत, म्हणून बोलून घेते.

माझा जन्म माथेरानचा. त्याआधी मी खोगीर होते. सदूआजोबांचा घोडा होता, त्याच्या पाठीवर बसून मुंबईची माणसं डोंगर बघत फिरायची. खोगीर फाटलं तेव्हा आजोबांनी त्यातला धड तुकडा कापून घेतला आणि खोगीर शिवणाऱ्याकडून मला शिवून घेतलं. पोटात दोन कप्पे, वर झाकण, झाकणाला पितळी बटण, मागे पट्टा ओवायला दोन पट्ट्या. घोड्याच्या घामाचा वास मात्र माझ्यातून कधी गेला नाही. तो वासच पुढे मुळावर आला, म्हणून आधी सांगून ठेवते.

आजोबांच्या कमरेला मी पुष्कळ वर्षं होते. तेव्हा माझ्यात तंबाखूची डबी असायची, घोड्याच्या खुरातले खडे काढायचा आकडा, हळदीची पुडी आणि फडक्याची पट्टी. घोड्याला लागलं तरी तीच हळद आणि माणसाला लागलं तरी तीच. मग बटणांचा मोबाईल आला. तो आत आला तशी तंबाखूची डबी बाहेर खिशात गेली. माझ्या पोटात जागा थोडी, एक आलं की दुसऱ्याला निघावं लागतं, हे मला तेव्हाच कळलं.

पुढे घोडा विकला. आजोबा डोंगराखाली पोशीरला घरी येऊन भातशेती बघू लागले आणि मी लगामाबरोबर खुंटीला अडकले. धूळ बसली, कोळ्याने जाळं केलं.

मला खाली काढलं समिधाने. ती आजोबांची सून. तिचा नवरा हर्षद माथेरानच्या हॉटेलात कामाला, आठवड्यातून एकदा खाली यायचा. त्यांची एकुलती मुलगी रिया. गोरीगोमटी, बडबडी, पण तिला दमा. थंडी पडली, धूळ उडाली की पोरीच्या छातीत शिट्टी वाजायला लागायची. डॉक्टरांनी श्वासाचा पंप दिला आणि बजावून सांगितलं, "हा कपाटात ठेवायचा नाही. कायम तुमच्या अंगावर पाहिजे."

अंगावर म्हणजे कशात? पहिल्यांदा तिने प्लास्टिकची पर्स घेतली, तिची चेन तुटली. मग कापडी बटवा शिवला, तो भातलावणीत चिंब भिजला. नेरळच्या दुकानदाराने लाल फुलीचा पांढरा डबा दाखवला. "हा घ्या ताई, यात सगळं येतं."

"सगळं येतं हो. पण हा बांधून मला शेतात वाकता येईल का?"

दुकानदार हसला. ती हसली नाही. घरी आली आणि तिची नजर खुंटीवर गेली. तिने मला पुसलं, खोबरेल तेल चोळलं, सावलीत वाळवलं. आणि मी पुन्हा कुणाच्या तरी कमरेला लागले.

पुढच्या कप्प्यात मोबाईल, मागच्या कप्प्यात पंप. एवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. पण आईचा जीव. शेजारच्या पोराला काच लागली, की माझ्यात पट्टी आणि कापूस आला. कुणाला जुलाब झाले, की साखरमिठाची पुडी आली. तापाची गोळी आली, मलम आलं, सेफ्टी पिना आल्या, पंप ओढल्यावर तोंडात टाकायला लिमलेटच्या गोळ्या आल्या. तिला नवी भीती वाटली की माझ्यात नवी वस्तू यायची. पंप आपोआप तळाला गेला.

शेजारची चंद्राबाई टोमणा मारायची, "काय गं समिधा, आख्खा दवाखाना कमरेला बांधून फिरतेस? आमची नाय का पोरं वाढली?"

"वाढली ना काकी. ज्यांची नाय वाढली त्यांचं कोन सांगतं?"

चंद्राबाई तोंड वाकडं करून निघून जायची. मी मात्र फुगायचे. शाळेच्या वाटेवर एकदा रियाची शिट्टी वाजली, तेव्हा समिधाने रस्त्यातच बसकण मारली, माझं बटण काढलं आणि पंप तिच्या तोंडाला लावला. फुस्स. पुन्हा फुस्स. पोरीच्या गालावर रंग आला. त्या दिवशी मला वाटलं, खोगीर होऊन एवढी माणसं वाहिली, पण खरं कामाला आज आले.

समिधाला मला विसरायचीही खोड होती. भांडी घासताना काढून ठेवायची आणि मग घर डोक्यावर घ्यायची. "रियू, थैली कुठं गं आईची?" मग सासू सोनाबाई आपल्या फोनवरून तिचा नंबर लावायची, आणि मी वाजायचे. कधी तांदळाच्या पिंपामागून, कधी गोधडीखालून. रिया टाळ्या पिटत नाचायची, "थैली वराडली! थैली वराडली!" आवाज माझा नव्हता, पोटातल्या मोबाईलचा होता. पण मला वाटायचं, मीच ओ देतेय.

आता खळ्याचं सांगते.

आमच्याकडे खळ्यात चप्पल जात नाही, चामडं जात नाही. भाताची रास म्हणजे लक्ष्मी. ती मापायला घेतली की कुणी बोलायचं नाही. पहिलं माप ओततात तेव्हा एक म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. त्यानंतर मापणाऱ्याशिवाय कुणाचा आवाज निघत नाही. आजोबांच्या कमरेला होते तेव्हाही मी खळ्याच्या कुडाबाहेरच टांगलेली असायचे. मला त्याचं वाईट वाटलं नाही. रीत म्हणजे रीत.

गेल्या वर्षीची रास. झोडणी चालली होती तोवर समिधाने रियाला खळ्याकडे फिरकू दिलं नव्हतं. आता रास लागली होती, धूळ बसली होती आणि आजोबांना नातीच्या हातून राशीला फूल वाहायचं होतं. म्हणून त्या दिवशी आणलं.

कुडापाशी आजोबा म्हणाले, "सूनबाई, थैली भायेर."

"आबा, पंप हाय त्यात."

"मग पंप काढून घे. चामडं तेवढं नको."

तिने हात घातला. तेवढ्यात मोबाईल वाजला. माथेरानहून हर्षद. "मला काय सुट्टी नाय गं. रास डोळ्यांनी तरी बघू दे. व्हिडिओ लाव." तिने मोबाईल बाहेर काढला. दुसरा हात पुन्हा माझ्यात घातला, पट्टी, पुडी, गोळ्या चाचपत तळाकडे निघाला. तिची बोटं पंपाला लागलीही होती. रिया तिचा पदर ओढत होती आणि आतून सोनाबाई हाक मारत होती, "चल गं, सगळी खोळंबलीत. घडीभराचं तर काम!"

हात बाहेर आला. बटण लागलं. मी कुडाच्या खुंटाला टांगले गेले. मोबाईल चामड्याचा नव्हता, तो आत गेला. पंप बाहेर राहिला.

रियाने फूल वाहिलं. समिधाने मोबाईलचा आवाज बंद केला, मापताना हर्षद मध्येच काही बोलायला नको म्हणून, आणि तो राशीसमोर धरून उभी राहिली. आजोबांनी माप भरलं. "लाभ," म्हणाले. मग सगळं सामसूम.

पोरांना कसली रीत? चुलत भाऊ ऋषिकेशच्या मागून रिया हळूच सटकली आणि पेंढ्याच्या ढिगावर गेली. पोरं घसरत होती, पडत होती, तोंड दाबून हसत होती. पेंढ्यातून बारीक धूर निघावा तशी धूळ निघत होती. मला कुडावरून दिसत होतं. समिधाची नजर मापावर होती.

आणि तेव्हाच तांबडा कुत्रा आला. त्याला माझ्यातल्या घोड्याचा वास आला असणार. त्याने उडी मारली, पट्टा तुटला, आणि मला तोंडात धरून तो बांधावरून पळाला. करवंदीच्या जाळीत नेऊन मला चावत बसला. तिथून मला काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

आधी खोकला ऐकू आला. मग ती शिट्टी. ती मी हजारांत ओळखली असती.

हर्षदला म्हणे सगळं दिसत होतं. राशीच्या मागे, पडद्याच्या कोपऱ्यात, रिया पेंढ्यात मान घालून बसलेली. तो तिथे ओरडत होता, "रियूकडं बघ! अगं, राशीमागं बघ!" पण आवाज बंद होता. समिधाला वाटलं, रास बघून हसतोय.

मग तिला शिट्टी ऐकू आली आणि खळ्यातलं मौन तिने मोडलं. "माझी थैली!" कुडाकडे धावली. खुंट मोकळा. "इथंच लावली! इथंच लावली व्हती!" माणसं पेंढा उपसायला लागली, चपला उलट्यापालट्या करायला लागली. सोनाबाईला काही सुचेना. सवयीने तिने नंबर लावला.

समिधाच्या हातातला मोबाईल थरथरला.

तिने त्याच्याकडे बघितलं, एवढंच कळलं मला नंतर. मी जाळीत होते. ओ द्यायला माझ्याजवळ काहीच नव्हतं.

शेजारच्या हरेशच्या मोटारसायकलवर रियाला मध्ये धरून नेलं. दवाखाना येण्याआधीच, रस्त्यात, शिट्टी थांबली.

रियाचे दिवस झाल्यावर गवत कापायला गेलेल्या सोनाबाईला मी सापडले. मला उचलून ती तिथेच बांधावर बसली. कुत्र्याने झाकण चावलं होतं, पण पितळी बटण निघालं नव्हतं. आतला पंप कोरडा, चांगला. मी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. चांगली थैली अशीच असते म्हणतात.

घरात कुणी कुणाला बोल लावला नाही. तू मोबाईल का घेतलास, असं हर्षद म्हणाला नाही. मी त्याच वेळी फोन का केला, असंही म्हणाला नाही. ताटावर दोघं समोरासमोर बसायची आणि भात तसाच राहायचा. चंद्राबाई समजूत घालायला आली, म्हणाली, "नशीब गं, दुसरं काय."

"नशीब नाय काकी. हात घातला व्हता मी. बोटं लागली व्हती."

मग एके दिवशी समिधाने मला जमिनीवर पालथं केलं. पट्टी, पुड्या, मलम, गोळ्या सगळं काढलं. मोबाईलही पुन्हा कधी माझ्यात ठेवला नाही. फक्त पंप परत आत ठेवला आणि तुटलेल्या पट्ट्याला गाठ मारून मला कमरेला बांधलं. आजही बांधते. कुणासाठी, हे तिला कुणी विचारत नाही. चंद्राबाई आता दवाखाना म्हणत नाही, वाट बदलते.

आज या वर्षीची रास आहे. मघाशी कुडापाशी समिधा थांबली आणि न सांगता माझी गाठ सोडायला लागली. आजोबांनी तिचा हात धरला.

"राहू दे."

"आबा, चामडं हाय."

आजोबांनीच गाठ सोडली, मला दोन्ही हातांत घेतलं आणि अनवाणी आत गेले. खळ्याच्या मधोमध उभ्या असलेल्या खांबाला, राशीच्या अगदी वर, मला टांगलं. सोनाबाईने पदर तोंडाला लावला. कुणी नाही म्हणालं नाही.

तर मी आता इथे आहे, जिथे गेल्या वर्षी असायला हवी होते. तुमच्या घरी असं लेकरू असेल, तर माझं एवढं ऐका. मला चामड्याची घेऊ नका, कापडाची घ्या, नाहीतर साध्या दोऱ्यात ओवून गळ्यात घाला. जगातली सगळी भीती माझ्यात कोंबू नका. ज्याच्यावाचून श्वास अडतो तेवढंच ठेवा, वरच ठेवा, आणि देवाच्या दारातही ते काढून ठेवू नका. देव रागावला तर त्याची समजूत काढता येते.

आजोबांनी पहिलं माप भरलंय. ते हातात धरून उभे आहेत. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतायत. ओठ हलतायत, पण 'लाभ' काही बाहेर येत नाही.